दोरी बांधलेला दगड

माझ्या नातवाचे, आदित्यचे बारसे जपानात झाले, ते साल एकोणीसशे शहाण्णव. माझा मुलगा रविकांत तेव्हा कावासाकीत एका कंपनीत कामाला होता. सुनेची, जयमालाची आई सांगलीला पाय मोडून पडली होती, म्हणून बाळंतपण करायला आम्ही दोघे म्हातारे विमानात बसलो. बारशाला घरात पंधरा माणसे होती. कावासाकीतली दोन मराठी कुटुंबे आणि एक उरायासुहून गाडी बदलत आलेले. पाळणा भाड्याने मिळाला नाही, तर रविकांतने कपडे ठेवायच्या वेताच्या टोपलीला दोऱ्या लावून घेतल्या. आत्या नाही, म्हणून आजीनेच कानात नाव सांगावे असे ठरले. जयमालाच्या आईने सांगलीहून टपालाने पाळण्याचे गाणे लिहून पाठवले होते, आखलेल्या कागदावर, मोठ्या अक्षरात, बाळाच्या नावाची जागा मोकळी सोडून. तो कागद जयमालाने माझ्या बायकोच्या, प्रभावतीच्या हातात दिला. कागद सरळ होता, चष्मा नाकावर होता, उजेड भरपूर होता. प्रभावतीने कागदाकडे पाहिले, आणि साखरेच्या डब्याभोवती जमलेल्या मुंग्यांकडे पाहावे तशी पाहतच राहिली. मग तिने कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि तिच्या आईच्या तोंडचा जुना पाळणा म्हणायला लागली. बायकांना वाटले, आजीचे डोळे भरून आले. उरायासुच्या बाई तर म्हणाल्या, "मनातून येतं ते असं येतं बघा." मी दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. मी मात्र तिचे डोळे पाहिले होते. ते कोरडे होते आणि घाबरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी बाटल्या उकळत होती. रविकांत कामावर गेलेला, जयमाला आतल्या खोलीत बाळाला घेऊन झोपलेली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, अक्षरं गेली." मी म्हणालो, "कुठं गेली?" ती म्हणाली, "जातायत कुठं, तिथंच आहेत. पण ओळख देत नाहीत." मग हळूहळू तिने सांगितले. आठ दिवसांपूर्वी बाल्कनीत दुपटी वाळत घालताना तिला चक्कर आली होती. ते मला ठाऊक होते, मीच लिंबूपाणी करून दिले होते आणि अर्ध्या तासात ती उठून पोळ्या लाटायला लागली होती. चक्कर गेली आणि जाताना अक्षरे घेऊन गेली. माणसे ओळखू येत होती, भांडी, भाज्या, पैसे, घड्याळाचे काटे सगळे नीट होते. फक्त लिहिलेले काही समोर आले की नुसत्या रेघा. मी म्हणालो, आत्ता रवीला फोन करतो. तिने माझे मनगट धरले, ओल्या हाताने. "सव्वा महिना होऊ दे. पोरगी ओली बाळंतीण आहे. दोघांची झोप उडवायची नाही. तुम्हाला माझी शपथ." मी शपथ पाळली. आज लिहायला बसलो तरी तेच पहिले डोळ्यांसमोर येते, तिचे ओले बोट आणि माझे मनगट, आणि आपण गप्प बसलो ते चुकले की काय हा प्रश्न. सव्वा महिना झाला, मग म्हणाली दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. भारतातून आलेले एक जुने मराठी वर्तमानपत्र जेवणाच्या टेबलावर पडलेले असायचे, घरात वाचायला दुसरे काही नाही म्हणून सगळे तेच पुन्हा पुन्हा वाचत. ते दिसले की ती त्याच्यावर भाजी निवडायला घ्यायची.

मला अक्षर तिने दिले, हे इथे सांगितले पाहिजे. मी पुण्यात एका कॉलेजच्या बागेत एकतीस वर्षे माळी होतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला वाचता येत नव्हते आणि त्यावाचून काही अडतही नव्हते, असे मी समजत होतो. बागेत झाडांना नावाच्या पत्र्याच्या पाट्या होत्या. कोणती पाटी कुणाची ते मी तिच्या पोचांवरून, गंजावरून ओळखायचो. कोपरा वाकलेली ती बकुळीची, मधे भोक पडलेली ती रिठ्याची. एके वर्षी कॉलेजने सगळ्या पाट्या रंगाऱ्याकडे दिल्या. त्याने पोच ठोकून काढले, भोके बुजवली, हिरवा रंग मारला, पांढरी अक्षरे काढली आणि सगळ्या पाट्या एकावर एक रचून मला आणून दिल्या. कुणाला विचारायची लाज वाटली. मी अंदाजाने लावल्या. दोन दिवसांनी प्राध्यापक मुलांचा वर्ग घेऊन झाडे दाखवायला आले आणि सगळी बाग हसायला लागली. रिठ्याखाली बकूळ, बकुळीखाली शिवण. प्राध्यापक म्हणाले, "विश्वनाथ, आता तुझ्या गळ्यात कोणती पाटी अडकवू?" ते मनाने वाईट नव्हते, पण पोरे आठवडाभर मला "ओ शिवण" अशी हाक मारत होती. रविकांत तेव्हा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. मुलाकडून शिकायचे तर मरण. प्रभावती आमच्या चाळीतल्या मारुतीच्या ओवरीत बायकांच्या वर्गाला जायची, स्नेहलताबाई म्हणून एक शिक्षिका यायच्या. ती तिथून जे शिकून येई ते दुपारच्या सुट्टीत माझा डबा घेऊन बागेत आली की मला शिकवी. पाटी नाही, पेन्सिल नाही. नुकताच पाणी दिलेला वाफा असायचा. "हात द्या," म्हणायची. माझे पहिले बोट धरायची आणि ओल्या मातीत फिरवायची. अ आ इ नाही. पहिला शब्द तिने घेतला तो दगड. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. "तुमच्यासाठी हाच बरा," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. मला डोळ्यांनी अक्षर लक्षात राहात नसे, बोटाने राहात असे. द काढताना शेवटी बोट मागे वळते, ग ला बाजूला काठी रोवावी लागते, ड चे पोट पुढे येते. कितीतरी दिवस मी वर्तमानपत्र वाचताना मांडीवर बोट फिरवीत असे. रविकांतला वाटे, अण्णा जप करतात.

तर त्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी रविकांत म्हणाला, आईला आणि अण्णांना कुठेतरी नेले पाहिजे, दोन महिने ती दोघे या दीड खोलीत कोंडली आहेत. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एक जुने घर सांगितले होते, त्सुकुबाच्या डोंगराच्या बाजूला, खेड्यात. कापडाच्या एका व्यापाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी बांधलेले, आणि भोवती बाग. "अण्णांना बाग दाखवू," तो म्हणाला. जयमाला बाळाला घेऊन घरी राहिली. आम्ही तिघे आणि सहा वर्षांची चैत्राली असे निघालो. मी मनात ठरवले होते की आज रविकांतला सांगायचे. शपथेचे जे व्हायचे ते होवो. दोन आठवड्यांनी आमचे परतीचे विमान होते. पुण्यात परत गेल्यावर मी तिला कुणाच्या भरवशावर ठेवणार होतो? आणि अक्षरांपाठोपाठ उद्या आणखी काय जाईल? मी? चैत्राली? सकाळी उठून ती माझ्याकडेही त्या कागदासारखी पाहील, ही भीती मी दोन महिने कुणाशी बोललो नव्हतो, तिच्याशीही नाही.

उएनोला गाडी बदलली. चैत्राली आजीचा हात धरून बसली होती आणि प्रत्येक स्टेशनावर खिडकीला नाक लावून पाटी वाचत होती. तिला त्यांची सोपी अक्षरे बालवाडीत नुकतीच यायला लागली होती, वाचल्याशिवाय तिला राहवत नव्हते. "आजी, हे त्सु. हे चि. हे उ. हे रा. त्सुचिउरा!" प्रभावती म्हणायची, "हो का गं? शाब्बास." रविकांतला त्यांची मोठी, अवघड अक्षरे निम्मीच येत, तो वर टांगलेल्या जाहिराती बघून न बघितल्यासारखे करी. एका स्टेशनावर प्रभावती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "इथं बरं आहे. इथं सगळे माझ्यासारखेच." तिच्या आवाजात खोडकरपणा होता. मला हसू आले आणि मी पटकन रुमालाने तोंड पुसले. रविकांतने विचारले, "काय झालं अण्णा?" मी म्हणालो, "काही नाही, गरम होतंय." गाडीत हीटर होता, ते खपून गेले. पुढे बसमधून जाताना दोन्ही बाजूंना कमळांची शेते होती, पाने करपून वाकलेली, आणि कमरेएवढ्या चिखलात उतरून माणसे कमळाचे कंद काढत होती. इतक्या थंडीत. प्रभावती म्हणाली, "फूल सगळे बघतात. खालचं काढायला हे." मला वाटले, जिला हे सुचते तिचे काय गेले आहे? काहीच गेलेले नाही. आणि मग त्या कागदाची आठवण आली.

घर गवताने शाकारलेले होते, छप्पर हातभर जाड. आत अंधार, लाकूड तेल पिऊन पिऊन काळे झालेले, आणि खाली चटया. चपला काढून आत गेलो तेव्हा पायाला ती जमीन इतकी ओळखीची वाटली, सारवलेल्या जमिनीसारखी गार आणि मऊ, की मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. पण माझे लक्ष बाहेर होते. अशी बाग मी पाहिली नव्हती. आमच्या बागेत फुले असत, वर्षातून दोनदा मोठे पाहुणे येत, तेव्हा झेंडूच्या रांगा नि चुन्याच्या पट्ट्या. इथे फूल एक नाही. एक तळे, त्यात दगड, दगडावर पाइनचे झाड वाकलेले, त्या झाडाची एक म्हातारी फांदी पाण्यावर लांब गेलेली, आणि तिला खालून लाकडाचा टेकू. टेकू जिथे फांदीला लागतो तिथे गवताची गादी गुंडाळलेली, फांदीला खुपू नये म्हणून. मी आयुष्यात किती फांद्या कापल्या असतील. वाकली की काप, सुकली की काप, साहेब येणार म्हणून काप. टेकू देऊन शंभर वर्षे सांभाळायची असते, हे मला कुणी सांगितले नव्हते. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाहेर, मैलांवरचा तो दोन शेंड्यांचा डोंगर असा काही दिसत होता की जणू तोही ह्याच बागेत लावलेला आहे. झाडे अशी छाटली होती की मधली गावे, विजेचे खांब, रस्ता सगळे झाकले जावे आणि डोंगर तेवढा आत यावा. मी रविकांतला म्हणालो, "हा माळी फार मोठा माणूस." तो म्हणाला, "अण्णा, तो मरून दोनशे वर्षं झाली." मी म्हणालो, "असेना. छाटणी चालू आहे ना?"

पाऊलवाट दगडांची होती, एकेक पाऊल टाकावे अशा अंतराने बसवलेल्या चपट्या दगडांची, आणि भोवती सगळे शेवाळे. हिरवे, जाड, सायीसारखे. शेवाळे दिसले की माझे हात शिवशिवतात. पुण्याला पावसाळा संपला की आमचे पंधरा दिवसांचे काम तेच असे, तारेचा ब्रश घेऊन पायऱ्यांवरचे शेवाळे खरवडणे. तळ्याच्या काठाला डोक्याला फडके बांधलेली माझ्याच वयाची एक बाई उकिडवी बसून त्या शेवाळ्यातले गवत चिमट्याने एकेक काडी उपटत होती. शेवाळ्यातले गवत! आम्ही गवतातले शेवाळे काढायचो. मी थांबून तिचे बोट बघत राहिलो. मुळासकट येत होते, आणि ओढताना डाव्या हाताचे एक बोट बाजूला दाबलेले, म्हणजे शेवाळे उचकटू नये. तिने मान वर केली, माझ्या हातांकडे पाहिले, आणि हसून मान वाकवली. मला वाटले तिने मला ओळखले. हात ओळखता येतात.

पुढे वाट दोन फाट्यांना फुटत होती. उजवीकडच्या फाट्याच्या अगदी तोंडाशी, पहिल्या पावलाच्या दगडावर एक गोल गोटा ठेवलेला होता. नारळाएवढा, काळ्या दोरीने उभा आडवा बांधलेला, वर गाठ अशी की मुठीत धरून उचलावा. मला वाटले, कुणा कामगाराचे वजन राहिले. ताडपत्री उडू नये म्हणून आम्हीही असे दगड बांधून ठेवायचो. कामाची वस्तू वाटेवर टाकून जाणे म्हणजे माळ्याला शिवी. कुणी म्हातारे माणूस अडखळून तळ्यात जाईल. मी गाठीला धरून तो उचलला, डब्यासारखा, बाजूच्या झुडपाखाली नीट ठेवला आणि उजवीकडच्या वाटेने दोन पावले पुढे गेलो. मागून प्रभावतीचा आवाज आला. "अहो, थांबा."

मी वळून पाहिले. ती फाट्यावर उभी होती, पाऊल उचलत नव्हती. म्हणाली, "तो परत ठेवा जागेवर."

"अगं, वाटेत होता. कुणीतरी विसरलंय."

"विसरलेल्या दगडाला कुणी अशी चौफुली दोरी बांधतं का? गाठ बघा किती निगुतीनं मारलीय. कुणीतरी मुद्दाम ठेवलाय. इकडून येऊ नका म्हणतोय तो."

"तुला बोलला का?"

"बोलला. तुम्ही या मागं आधी."

तेवढ्यात ती फडकेवाली बाई लगबगीने आली. तिने झुडपाखालचा दगड पाहिला, माझे पाय पाहिले, आणि तोंडावर हात ठेवला. रविकांत धावत आला, सगळा प्रकार पाहून लाल झाला आणि कमरेत वाकून सुमिमासेन सुमिमासेन म्हणत माफी मागायला लागला. मी पण वाकलो. प्रत्येक वेळी मी किती वाकायचे हे मला कळत नसे म्हणून मी जास्तच वाकायचो. ती बाई त्याहून खाली वाकली. काही वेळ आम्ही तिघे नुसते वाकत होतो. चैत्राली खिदळत होती. मग त्या बाईने चैत्रालीला काहीतरी समजावून सांगितले, आणि चैत्राली म्हणाली, "आजोबा, ती म्हणते, हा बोर्ड आहे."

"बोर्ड? कुठं काय लिहिलंय त्याच्यावर?"

"नाहीच लिहिलंय काही! स्टोन म्हणजेच नो एन्ट्री. तिकडं कोके नवीन लावलंय. कोके म्हणजे हे ग्रीन. बाळ आहे ते अजून, त्याच्यावर पाय नाही द्यायचा."

शेवाळे लावतात! मी पायाखाली पाहिले. माझे एक पाऊल दगडावर होते, पण दुसऱ्याची टाच त्या बाळावर पडली होती. मी तो दगड उचलून आणला आणि दोन्ही हातांनी त्या बाईच्या पुढे धरला. तिने घेतला नाही. मला खूण केली, तुम्हीच ठेवा. मी ठेवला, तिने गाठ जरा वळवून समोर केली. प्रभावती मात्र हसत होती. बारशानंतर पहिल्यांदा मी तिला तसे हसताना पाहिले, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "वाचता येणारे सगळे पुढं गेले असते," ती म्हणाली, "मला आली बघा वाचता ही पाटी." रविकांतला वाटले आई विनोद करते आहे. तोही हसला. मी हसलो नाही. दोन महिने मी ज्या दाराशी कान लावून बसलो होतो, आत कुणी आहे का म्हणून, त्या दारातून ती अशी बाहेर आली आणि मलाच ओरडली, कुठे चाललात म्हणून. मला फार बरे वाटले. त्या दगडाचे, ती गाठ मारणाऱ्याचे, कुणाकुणाचे आभार मानावेत हे मला कळेना.

घराच्या पडवीत एका बुटक्या टेबलावर जाड वही ठेवली होती, आलेल्या माणसांनी काही लिहावे म्हणून, आणि कुंचल्याच्या टोकाचे पेन. ती बाई हात धुऊन आली, आमच्यासाठी चहाच्या वाट्या आणल्या. रविकांतने जपानीत लिहिले, चैत्रालीने बदक काढले. मी माझे नाव लिहिले आणि खाली पुणे. मग वही प्रभावतीपुढे सरकली. मी म्हणणार होतो, तिचा चष्मा घरी राहिलाय. चष्मा तिच्या नाकावर होता. तिने पेन उचलले. माझ्याकडे एकदा पाहिले, त्या कागदाकडे पाहिले होते तसे नव्हे, आणि लिहायला लागली. न थांबता चार ओळी. हात भराभर चालला होता, काना देत, मात्रा देत, वरची रेघ ओढत. अक्षरे गेली म्हणणारी बाई लिहीत होती. पेन ठेवून तिने पदराने कपाळ पुसले.

रविकांत म्हणाला, "आई, वाच ना, काय लिहिलंस? ह्यांना सांगतो मी जपानीत."

ती आपल्याच ओळींकडे पाहात राहिली. चहाची वाफ चष्म्यावर आली होती, तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, "मला नाही येत."

"काय नाही येत?"

"वाचता. लिहिलं मी. पण ह्यातलं मला काही दिसत नाही, रवी. दोन महिने झाले."

रविकांतने माझ्याकडे पाहिले. "अण्णा?" मी मान खाली घातली. "तुम्हाला ठाऊक होतं? दोन महिने? आणि मला कुणी..." त्याचा आवाज चढला, मग त्या बाईकडे बघून खाली आला. तसा, खालच्या आवाजात रागावलेला माझा मुलगा मला फार लहान दिसला. प्रभावती म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. मी शपथ घातली होती. आधी मला सांगा कुणीतरी, मी लिहिलंय काय?"

मी वही माझ्याकडे ओढली आणि वाचले. मोठ्याने, एकेक शब्द, तिने शिकवले होते तसे. 'दगड आमच्या माणसाने उचलला होता. परत जागेवर ठेवला आहे. माफी असावी. बाग लेकरासारखी राखली आहे, राखणाऱ्याचे हात सुखी राहोत. प्रभावती.'

"असंच लिहायचं होतं," ती म्हणाली. "बरोबर उतरलं म्हणजे."

रविकांतने ते त्या बाईला सांगितले. सांगताना मधे थांबला, डोळे पुसले, परत सांगितले. त्या बाईने आपले दोन्ही हात, मातीने भेगाळलेले, पुढे धरून एकदा पाहिले आणि मांडीवर ठेवले.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, तिचा हात भराभर चालला होता ती. म्हणजे बोटाला ठाऊक आहे. डोळ्याला नाही, बोटाला आहे. समोर अंगणात पांढरी वाळू दाताळ्याने रेघा ओढून पसरलेली होती, पण आज एकदा चुकलो ते पुरे होते. मी पडवीच्या लाकडावरच तिला म्हणालो, "हात दे." तिने दिला. मी तिचे पहिले बोट धरले. "डोळे मीट." त्या गुळगुळीत फळीवर मी तिचे बोट फिरवले. खाली उतरून शेवटी मागे वळवले. मग दुसरे, बाजूला काठी रोवली. मग तिसरे, पोट पुढे काढले. तिसरे संपायच्या आत तिच्या ओठांवर हसू आले, आणि डोळे न उघडताच ती म्हणाली, "दगड. मेलं, दुसरा शब्द नाही मिळाला?"

चैत्रालीला तो खेळच वाटला. "मलापण! माझं पण बोट!" म्हणत ती मांडीत येऊन बसली. परतीच्या गाडीत तिने आजीच्या तळहातावर आपल्या नावाची सगळी अक्षरे काढली, मराठी आणि जपानी दोन्ही, आणि आजीने मराठी सगळी ओळखली. रविकांत समोर बसून पाहात होता. मधेच म्हणाला, "अण्णा, तुम्ही जप करायचात तो हाच का?" मी हो म्हणालो. तो खिडकीकडे वळला.

घरी आल्यावर जयमालाने सगळे ऐकून घेतले. बाळ खांद्यावर होते. ती म्हणाली, "आई, मी ओली बाळंतीण होते, आंधळी नव्हते. माझ्या आईचा कागद तुम्ही कमरेला खोचलात तेव्हाच मला काहीतरी वाटलं होतं. पण तुम्ही इतका छान पाळणा म्हटलात की मलाच लाज वाटली विचारायची." म्हणजे घरात आम्ही तिघे एकमेकांना सांभाळत होतो आणि एकट्या रविकांतला काही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने रजा काढून तिला इस्पितळात नेले. डॉक्टर तरुण होता, त्याने मेंदूचे चित्र उजेडावर धरून दाखवले. एका लहानशा जागी रक्त पोचले नव्हते. डोळे धड, अक्षरांचे घर धड, पण दोन्हींमधली वाट बुजली आहे, हात दुसऱ्या वाटेने जातो, असे त्याने सांगितले. बोटाचे ऐकून त्याने ते लिहून घेतले आणि म्हणाला, हेच करत राहा. गोळ्या लिहून दिल्या. लवकर आणले असते तर काही झाले असते का, हे मी रविकांतला विचारायला लावले. डॉक्टर ते चित्र पाकिटात परत घालत म्हणाला, आता आणलेत ना. त्या उत्तरासाठी मी त्याचा आजही ऋणी आहे.

विमान पुढे ढकलून आम्ही जानेवारीत पुण्याला परतलो. रोज सकाळी चहा झाला की मी वर्तमानपत्रातले मोठे मथळे तिच्या तळहातावर काढायचो आणि ती वाचायची. पुढे पुढे ती छापलेल्या मोठ्या अक्षरावरून आपणच बोट फिरवून वाचू लागली, दिवसाला चार ओळी. कधी मी मुद्दाम चुकीचे काढायचो, ती टपली मारायची. तिने दारापुढच्या वाफ्यात कोथिंबीर पेरली होती, चाळीतली पोरे तुडवायची. एक दिवस बघतो तर वाफ्याच्या तोंडाशी एक गोटा, काळ्या सुतळीने उभा आडवा बांधलेला. पोरांना त्याची भाषा कुठून कळणार, मी म्हणालो. पण शेजारच्या बायकांनी पाहिले आणि करणी म्हणून सगळ्यांनी आपापली पोरे आवरली, दोन बिऱ्हाडे तर पलीकडच्या जिन्याने जाऊ लागली. प्रभावती हसून हसून बेजार झाली. "कसं का वाचेनात," म्हणाली, "थांबले ना?" कोथिंबीर त्या वर्षी फार चांगली आली. सगळ्या बिऱ्हाडांना जुडी जुडी वाटली.

प्रभावती मंगळवार, सतरा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी सकाळी साडेसात वाजता पुण्यात राहत्या घरी वारली. तिला बासष्टावे वर्ष चालू होते.